क्षयाच्या नव्या लशीसाठी खात्रीची तरतूद हवी

महोदय,

डाव्या दंडावर बीसीजीचा वण असला की क्षयाची भीती कायमची मिटली, असा समज अजूनही घरोघरी आढळतो. पॅरिसमध्ये १९२१ साली प्रथम दिली गेलेली ही लस तान्ह्या मुलांना क्षयजन्य मेंदूज्वरासारख्या जीवघेण्या प्रकारांपासून वाचवते, म्हणून ती दिलीच पाहिजे. पण ज्यांच्या खोकल्यातून रोग पसरतो त्या प्रौढांच्या फुफ्फुसाच्या क्षयावर तिचा भरवसा धरता येत नाही, हे तमिळनाडूतील चिंगलपेट येथे १९६८ पासून झालेल्या मोठ्या चाचणीने दाखवून दिले होते.

त्यानंतर इतकी दशके लोटूनही दुसरी लस हाती नसावी, ही खेदाची बाब आहे. क्षयाचा जंतू शरीरात वर्षानुवर्षे सुप्त राहतो आणि त्यामुळे लस तपासताना हजारो लोकांवर दीर्घकाळ लक्ष ठेवावे लागते, हे खरे. पण हा मुख्यतः गरिबांचा आजार असल्याने संशोधनाला पैसा मिळत नाही, हेही तितकेच खरे.

'एम७२' या लशीने आफ्रिकेतील चाचणीत सुप्त संसर्ग असलेल्या प्रौढांना सुमारे ५० टक्के संरक्षण दिले आणि २०२४ मध्ये तिची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी सुरू झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'व्हीपीएम१००२' या लशीची चाचणीही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) रुग्णांच्या घरातील व्यक्तींवर घेतली. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात असताना केंद्राने अशा चाचण्यांसाठी स्वतंत्र निधी राखून ठेवावा आणि त्यांचे निष्कर्ष, अनुकूल असोत वा प्रतिकूल, सोप्या भाषेत लोकांपुढे मांडावेत.

– एक वाचक, पुणे