बांधाच्या आतली माणसं

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, इथे नेदरलँड्समध्ये २०२३ च्या निवडणुकीत बाहेरून येणारे लोक कमी करा म्हणणारा पक्ष पहिला आला, तेव्हापासून तुमच्या प्रत्येक फोनवर एकच काळजी असते: उद्या तुला परकं ठरवलं तर? फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलेय.

मध्यंतरी झीलंड प्रांतातल्या आउवरकर्क गावी पुराचं संग्रहालय पाहून आले. ३१ जानेवारी १९५३ ला समुद्राला उधाण होतं, त्यातच वायव्येकडून वादळ आलं आणि रात्रीत बांध फुटले. शनिवारची रात्र, रेडिओ बाराला बंद झालेला. धोक्याची सूचना बहुतेकांपर्यंत पोचलीच नाही. आउवरकर्कचं भगदाड बुजवायला नोव्हेंबर उजाडला. त्यात बुडवलेल्या काँक्रीटच्या चार अजस्र पेट्या म्हणजेच आजचं संग्रहालय. आत वाळूवर त्या पुरात गेलेल्यांची नावं एकेक करून उमटतात. १८३५ अधिक एक. तो एक म्हणजे त्याच रात्री जन्मलेलं आणि बुडालेलं बाळ. आई, माझा तिथून पाय निघेना.

‘आम्ही समुद्राला हरवणारी जात’ असं इथे अभिमानाने बोललं जातं. मला ते पुरतं पटत नाही. योहान फान फेन नावाचा सरकारी इंजिनिअर बांधांची उंची कमी पडतेय असं १९५३ च्या कितीतरी आधीपासून बजावत होता. त्याचं ऐकलं असतं तर? पूर आल्यावर मात्र तीन आठवड्यांच्या आत पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं ते ठरवायला ‘डेल्टा आयोग’ नेमला आणि त्यालाच सचिव केलं. पुढे झीलंडमधली पूर्व शेल्ड नावाची खाडी कायमची बंद करायची ठरली, तर कोळी आणि निसर्गप्रेमी विरोधात उभे राहिले. भांडण वर्षानुवर्षं चाललं. शेवटी ६२ दरवाजांचा अडसर बांधला. एरवी उघडा, वादळात बंद. त्यामुळे खाडीत भरती-ओहोटी अजून चालू आहे आणि कालवंही टिकली. १९८६ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. मला या लोकांचं खरं मोठेपण इथे दिसतं. चूक झाली की ती दुरुस्त करतात, आणि ज्याच्या पोटावर पाय येतो त्याचंही ऐकून घेतात.

याचं मूळ फार जुनं आहे. तेराव्या शतकापासून इथे पाणी सांभाळणारी मंडळं आहेत, त्यांना ‘वाटरस्खाप’ म्हणतात. एकाने आपल्या वाट्याचा बांध हयगयीने सोडला तर शेजाऱ्याचं शेत बुडणार, मग तुमचं एकमेकांशी पटो न पटो. म्हणून मंडळ निवडायचं, त्याला कर द्यायचा आणि त्याचा हुकूम मानायचा. आजही अशी २१ मंडळं आहेत आणि त्यांची वेगळी निवडणूक होते. मार्च २०२३ मध्ये प्रांताची आणि पाण्याची निवडणूक एकाच दिवशी होती. प्रांतासाठी इथलं नागरिकत्व लागतं, त्यामुळे मला चिठ्ठी आली ती फक्त पाण्याची. कर मीही भरते, बांध फुटला तर घर माझंही बुडेल, मग मत माझंही. बाबा, ‘आपलं कोण’ हे ठरवायची ही रीत त्या पक्षाच्या भाषणांपेक्षा कितीतरी जुनी आहे, आणि मी तिच्यावर विश्वास ठेवून इथे राहते.

याच देशाची जहाजं सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्यालाही आली, वखार बांधून बसली. त्याच व्यापारात माणसंही विकली गेली. १ जुलै २०२३ ला इथल्या राजाने गुलामगिरीबद्दल जाहीर माफी मागितली. पराक्रमाचे धडे शिकवताना हेही शिकवावं असं म्हणणारे लोक इथे आहेत, आणि माझा सूर त्यांच्याशी जुळतो.

बाबा, जमेल तेव्हा वखारीच्या पडक्या भिंतींचे फोटो काढून पाठवा. ऑफिसातल्या मैत्रिणींना दाखवायचे आहेत, त्यांना वेंगुर्लं ठाऊकच नाही. आई, गुडघ्याचं तेल नियमित लावतेस ना?

तुमची लेक