‘जाणार’ हे क्रियापद जपून वापरावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फॉर्म्युला वनचा हंगाम मध्यावर आला की आपल्या क्रीडा पानावर ड्रायव्हरांच्या अदलाबदलीच्या बातम्या सुरू होतात. अमुक ड्रायव्हर फेरारीत जाणार, तमुकची मर्सिडीजमधून गच्छंती होणार. अशा बातम्या छापूच नयेत, असे म्हणणे नाही. कोण कुठे जाईल याचा अंदाज बांधणे हा या खेळाचाच भाग आहे आणि तो शर्यतींइतक्याच आवडीने वाचला जातो. तक्रार आहे ती ‘जाणार’ या क्रियापदाबद्दल. मूळ परदेशी बातमीत ‘बोलणी चालू असल्याचे समजते’ एवढेच असते. ती मराठीत येईपर्यंत ‘समजते’ गळून पडते आणि उरते ते ‘जाणार’. आपल्या भाषेत ‘जाणार’ म्हणजे ठरले. दोन महिन्यांनी तोच ड्रायव्हर जुन्याच संघात दिसला की वाचकाला वाटते, त्याने शब्द फिरवला. प्रत्यक्षात त्याने शब्द दिलेलाच नसतो.

अफवेचे वजन ओळखायला आतल्या गोटातली माहिती लागतेच असे नाही. बऱ्याच गोष्टी उघड असतात, त्या तपासल्या जात नाहीत एवढेच. सर्वांत आधी विचारला जातो तो प्रश्न म्हणजे करार कोणत्या वर्षापर्यंत आहे. एकट्याने तो फारसा उपयोगी नाही. मर्सिडीजने ३१ ऑगस्ट २०२३ रोजी लुईस हॅमिल्टनचा २०२५ अखेरपर्यंतचा नवा करार जाहीर केला होता. पुढे पाच महिन्यांत, १ फेब्रुवारी २०२४ रोजी, तो २०२५ पासून फेरारीकडून धावेल अशी घोषणा झाली. करार मोडला गेला नव्हता. एका वर्षानंतर बाहेर पडण्याची मुभा त्याच करारात होती आणि हॅमिल्टनने ती वापरली. म्हणून विचारायचे ते हे की बाहेर पडण्याची वाट कोणाच्या हातात आहे आणि ती कोणत्या तारखेपर्यंत उघडी आहे.

ही वाट संघाच्या बाजूनेही असते. रेड बुलने ४ जून २०२४ रोजी सर्जिओ पेरेझचा करार आणखी दोन वर्षांसाठी वाढवला. त्या हंगामात पेरेझ १५२ गुणांसह आठवा आला. त्याच गाडीत मॅक्स व्हर्स्टापेन ४३७ गुण मिळवून विश्वविजेता झाला आणि रेड बुल संघांच्या अजिंक्यपदात तिसऱ्या स्थानावर घसरला. १८ डिसेंबर २०२४ रोजी पेरेझ संघाबाहेर होता. मुदतवाढीची बातमी खोटी नव्हती. ‘आता जागा पक्की’ हा तिच्यावरून काढलेला अर्थ चुकीचा होता. मुदतवाढ मिळालेल्या ड्रायव्हरला काढायचे तर संघाला त्याच्याशी पैशांची तडजोड करावी लागते, आणि मोठे संघ ती करतात.

करारांमध्ये बहुधा दोन प्रकारची कलमे महत्त्वाची ठरतात. एक म्हणजे पर्याय: पहिले वर्ष पक्के आणि पुढचे वर्ष संघाने ठरावीक तारखेपर्यंत लेखी कळवले तरच लागू. ही तारीख हुकली तर ड्रायव्हर मोकळा होतो. दुसरे कामगिरीचे कलम: ठरलेल्या दिवशी गुणतक्त्यात ड्रायव्हर अमुक क्रमांकाच्या खाली असेल, तर त्याला सोडून जाण्याचा हक्क. दिवस अनेकदा ऑगस्टच्या सुट्टीच्या आसपासचा असतो, आणि जून-जुलैमध्ये अफवांना ऊत येतो त्यामागे हे एक मोठे कारण आहे. तो दिवस उलटून गेला की त्याच अफवेत फारसा दम राहत नाही, मग ती कितीही ठिकाणी छापून येवो.

याचे चांगले उदाहरण २०२५ चे आहे. व्हर्स्टापेनचा करार २०२८ पर्यंतचा. हंगेरीच्या शर्यतीनंतर तो गुणतक्त्यात पहिल्या तिघांत नसेल तर त्याला बाहेर पडता येईल, असे कलम असल्याच्या बातम्या होत्या. करार गोपनीय असतो, त्यामुळे कलमाचे शब्द कोणी पाहिले नव्हते. पण ते कलम तसेच आहे असे धरले तरी आकडेमोड कोणालाही करता येण्यासारखी होती. बेल्जियमच्या शर्यतीनंतर तिसऱ्या क्रमांकावरच्या व्हर्स्टापेनचे १८५ गुण होते, चौथ्या क्रमांकावरच्या जॉर्ज रसेलचे १५७. अंतर २८. हंगेरीत स्प्रिंट, म्हणजे जादा गुण देणारी शनिवारची छोटी शर्यत, नव्हती, वेगवान फेरीचा जादा गुण त्या हंगामापासून बंद झाला होता, म्हणजे तिथे जास्तीत जास्त २५ गुण मिळणार. रसेल जिंकला आणि व्हर्स्टापेनला शून्य मिळाले तरी क्रम बदलत नव्हता. बेल्जियमच्या रविवारी रात्रीच हे कलम निकामी झाले होते. हंगेरीला पोहोचल्यावर व्हर्स्टापेनने आपण २०२६ मध्ये रेड बुलमध्येच राहणार असल्याचे सांगितले. चार ओळींची ही वजाबाकी अफवेच्या शेजारी छापली असती, तर वाचकाला तिचे मोल आपोआप कळले असते.

दुसरी तपासण्याची गोष्ट म्हणजे रिकामी जागा. २०२५ पर्यंत फॉर्म्युला वनमध्ये दहा संघांच्या २० जागा होत्या. कॅडिलॅक हा अकरावा संघ आल्यावर २०२६ पासून २२ झाल्या. एवढ्या थोड्या जागांत एक जण हलला की त्याच्यामागे रांग हलते, आणि ती कुठे अडेल हे आधी दिसत नाही. २०२२ चा उन्हाळा या दृष्टीने मुळातून समजून घेण्यासारखा आहे. २८ जुलैला सेबॅस्टियन व्हेटेलने निवृत्ती जाहीर केली आणि ॲस्टन मार्टिनमध्ये जागा झाली. १ ऑगस्टला ती अल्पाइनच्या फर्नांडो अलोन्सोने घेतली. २ ऑगस्टला अल्पाइनने आपला राखीव ड्रायव्हर ऑस्कर पियास्ट्री याचे नाव अलोन्सोच्या जागी जाहीर केले. काही तासांतच पियास्ट्रीने स्वतः सांगितले की आपण अल्पाइनशी करार केलेला नाही आणि पुढच्या वर्षी तिथे धावणार नाही. प्रकरण ड्रायव्हरांच्या करारांचे वाद सोडवणाऱ्या कॉन्ट्रॅक्ट रेकग्निशन बोर्डाकडे गेले. २ सप्टेंबरला निकाल लागला: ग्राह्य करार एकच, ४ जुलै रोजी मॅक्लारेनशी झालेला. त्याआधीच मॅक्लारेनने डॅनियल रिकार्डोला एक वर्ष शिल्लक असताना मोकळे केले होते.

आता अल्पाइनला ड्रायव्हर हवा होता आणि त्यांची नजर अल्फाटाउरी या रेड बुलच्याच दुसऱ्या संघातल्या पिएर गॅस्लीवर होती. गॅस्ली रेड बुलच्या कराराने बांधलेला. रेड बुल त्याला सोडायला तयार होते, पण बदली माणूस मिळाला तरच. त्यांना अमेरिकेतल्या इंडीकार मालिकेतला कोल्टन हर्टा हवा होता आणि इथे रांग अडली. फॉर्म्युला वनमध्ये धावायला एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक महासंघाचे सुपर लायसन्स लागते. त्यासाठी इतर मालिकांतल्या निकालांवरून तीन हंगामांत मिळून ४० गुण लागतात. हर्टाकडे ३२ होते. एफआयएने सूट दिली नाही. मग मोन्झाच्या शर्यतीत आजारी ॲलेक्स ॲल्बनच्या जागी विल्यम्समध्ये ऐन वेळी बसून नववा आलेला निक डी व्ह्रीस पुढे आला. त्याला अल्फाटाउरीची जागा मिळाली आणि ऑक्टोबरमध्ये गॅस्ली अल्पाइनचा झाला. डी व्ह्रीसची ती जागा २०२३ मध्ये दहा शर्यतींनंतर गेली, आणि त्याच्या जागी आला तो रिकार्डो.

या साऱ्या साखळीत ‘हर्टा येणार’ ही बातमी संघाच्या इच्छेपुरती खरी होती. नियमाने ती अडवली. सुपर लायसन्सच्या गुणांचा तक्ता प्रसिद्ध असतो. फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवरच्या फॉर्म्युला टूमध्ये पहिल्या तिघांना प्रत्येकी ४०, इंडीकारच्या विजेत्याला ४०, दुसऱ्याला ३०. तरुण ड्रायव्हरचे नाव आले की तीन वर्षांचे निकाल काढून बेरीज करायला दहा मिनिटे पुरतात. किमान वय १८ आहे. २०२४ पासून १७ व्या वर्षी विशेष परवानगी मिळू शकते. रेड बुलच्या तरुण आर्विड लिंडब्लाडला ती जून २०२५ मध्ये मिळाली. संघ अशी परवानगी मागतो तेव्हा ती खरी खूण समजावी. डिसेंबरमध्ये रेसिंग बुल्सने (पूर्वीच्या अल्फाटाउरीने) २०२६ साठी त्याचे नाव जाहीर केलेच.

याउलट शुक्रवारच्या पहिल्या सरावात एखादा नवखा चेहरा दिसला म्हणून ‘जागा धोक्यात’ असा मथळा देऊ नये. २०२५ पासून प्रत्येक संघाला हंगामात चार सराव सत्रे, म्हणजे प्रत्येक गाडीमागे दोन, दोनपेक्षा अधिक ग्रां प्री न खेळलेल्या ड्रायव्हरला द्यावी लागतात. ती सक्ती आहे, संकेत नव्हे. किमी अँटोनेली ३० ऑगस्ट २०२४ रोजी मोन्झाच्या पहिल्या सरावात दहाएक मिनिटांतच पॅराबोलिकाच्या वळणावर धडकला. मर्सिडीजने दुसऱ्याच दिवशी त्याला २०२५ ची जागा जाहीर केली. त्या सरावावरून कोणी निष्कर्ष काढला असता तर तो नेमका उलटा निघाला असता. अँटोनेलीबाबतची खरी खूण त्याआधीची होती: त्याच वर्षी एप्रिलपासून मर्सिडीज त्याला जुन्या गाडीत बसवून स्वतंत्र चाचण्या करून घेत होती. त्यासाठी सर्किट भाड्याने घ्यावे लागते, यांत्रिकांचा ताफा, टायर, इंजिन लागते. एवढा खर्च केवळ कौतुकापोटी कोणी करत नाही.

संघाची घोषणा हाही शेवटचा शब्द नसतो, हे पियास्ट्रीच्या आधीही दिसले आहे. ऑगस्ट २००४ मध्ये विल्यम्सने जेन्सन बटन पुढच्या वर्षी आपल्याकडे येत असल्याचे जाहीर केले. ऑक्टोबरमध्ये बोर्डाने बीएआर संघाच्या बाजूने कौल दिला आणि बटन २००५ मध्ये तिथेच राहिला. हे बोर्डच मुळी अशा ओढाताणीतून जन्मले. मायकेल शूमाकर २५ ऑगस्ट १९९१ रोजी स्पा इथे जॉर्डनच्या गाडीतून पहिली शर्यत खेळला आणि पुढच्याच शर्यतीला, मोन्झाला, तो बेनेटनच्या गाडीत होता. दोन्ही संघ त्याच्यावर हक्क सांगत होते. बोर्डाकडे संघ आपले करार नोंदवतात. दोन संघांनी एकाच ड्रायव्हरवर दावा केला तर कोणता करार ग्राह्य, एवढे ते ठरवते. म्हणून घोषणा छापताना ती फक्त संघाची आहे की ड्रायव्हरनेही दुजोरा दिला आहे, हे एका वाक्यात सांगावे.

ड्रायव्हरच्या बाजूने निकाल लागला म्हणून त्याला गाडी मिळतेच असेही नाही. २०१५ मध्ये सॉबरने करार असूनही गीडो व्हान डर गार्डला वगळले. मेलबर्नच्या शर्यतीच्या आठवड्यात तिथल्या न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. पण त्या हंगामाचे सुपर लायसन्स त्याच्याकडे नव्हते, आणि गाड्या मार्कस एरिक्सन व फेलिपे नासर यांच्या मापाने तयार होत्या. ड्रायव्हरचे आसन त्याच्या अंगाच्या साच्यावर बनते. पेडल, पट्टे, स्टीअरिंग सगळे त्याच्या मापाने बसवले जाते. अपघातात पाठीचा कणा वाचणे या मापावर अवलंबून असते. व्हान डर गार्डने अखेर भरपाई घेऊन जागेचा हट्ट सोडला.

पैशांबद्दल दोनच गोष्टी. ड्रायव्हरांचे मानधन जाहीर होत नाही, त्यामुळे रुपयांत शेवटच्या कोटीपर्यंत हिशेब करून छापलेला आकडा हा अंदाजाचाच गुणाकार असतो. आणि संघांवरच्या खर्चमर्यादेत ड्रायव्हरांचे मानधन धरले जात नाही. ‘खर्चमर्यादेमुळे महागडा ड्रायव्हर सोडला’ हे कारण म्हणूनच चुकीचे ठरते.

बातमी कोणाच्या सोयीची आहे, हेही पाहावे. करार संपत आलेल्या ड्रायव्हरचे नाव अचानक मोठ्या संघाशी जोडले गेले, तर त्याच्या व्यवस्थापकाला सध्याच्या संघाशी भाव ठरवताना मदत होते. संघालाही आपल्या ड्रायव्हरवर दडपण आणायला दुसऱ्या नावाची कुजबुज उपयोगी पडते. शिवाय एकाच मूळ बातमीवरून पाच जणांनी लिहिले की ‘अनेक माध्यमांच्या वृत्तानुसार’ असे म्हटले जाते. स्रोत तेव्हाही एकच असतो.

माझी सूचना अगदी छोटी आहे. अशा प्रत्येक बातमीखाली दोन ओळींची चौकट द्यावी: जाहीर करार कधीपर्यंतचा, बाहेर पडण्याच्या कलमाबद्दल काय छापून आले आहे आणि त्याची तारीख, रिकामी होणारी जागा कोणती, नवख्याचे सुपर लायसन्सचे गुण किती. ज्याचे उत्तर मिळत नाही तिथे ‘माहीत नाही’ असे स्पष्ट लिहावे. चारही उत्तरे ‘माहीत नाही’ असतील तर मथळ्यात ‘जाणार’ ऐवजी ‘चर्चा’ हा शब्द घालावा. तो मथळ्यात सहज मावतो.

कळावे,
आपला,
मोटर रेसिंगचा एक नियमित वाचक