काळ्या जमिनीचा कस आणि पेरणीची घात

मा. संपादक,

आपल्या रविवार पुरवणीत जगातील सुपीक मैदानांविषयी आलेल्या लेखात अमेरिकेतील रेड नदीच्या खोऱ्याची गणना पृथ्वीवरील सर्वांत कसदार जमिनींमध्ये केली आहे. हे विधान चुकीचे नाही, पण त्यातून अर्धेच चित्र उभे राहते. लेखात सेंद्रिय द्रव्य, पोषकद्रव्ये आणि उत्पादन यांचा विचार आहे. ती जमीन वर्षातून किती दिवस पेरणीयोग्य असते, हा प्रश्न मात्र कुठेच आलेला नाही. थंड प्रदेशातील शेतीत हाच प्रश्न आधी येतो. याच खोऱ्यातली नॉर्थ डकोटा राज्याची कॅस काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग), म्हणजे फार्गो शहराभोवतीचा प्रदेश, याचे उत्तम उदाहरण असल्यामुळे त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

या काउंटीचा पूर्व भाग म्हणजे अगासीझ नावाच्या प्राचीन सरोवराचा तळ होय. हिमयुगाच्या अखेरीस बर्फाचे प्रचंड थर वितळले, त्यांचे पाणी साचून हे सरोवर झाले आणि ते हजारो वर्षांपूर्वी ओसरले. त्याच्या संथ पाण्यात बसलेल्या अतिसूक्ष्म गाळाची जमीन मृदाशास्त्रात ‘फार्गो’ मालिका म्हणून ओळखली जाते. तिच्यात चिकणकणांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असते. दख्खनच्या भारी काळ्या जमिनीप्रमाणे तीही ओली झाली की फुगते आणि वाळली की तिला खोल भेगा पडतात, म्हणून वर्गीकरणात दोघींचा गण एकच, ‘व्हर्टिसॉल’. आपली जमीन बेसॉल्टपासून झाली आणि ती सरोवराच्या गाळापासून, हा फरक आहेच. पेरणीच्या दृष्टीने मात्र त्याहून महत्त्वाचा फरक हवामानाचा आहे. कडक हिवाळ्यात तिथली माती चार-पाच फूट खोलपर्यंत गोठते. वसंतात ती प्रामुख्याने वरून खाली वितळत जाते, त्यामुळे वरचा थर चिखल झालेला असताना खालचा थर दगडासारखा घट्ट असतो आणि बर्फाचे पाणी खाली मुरायला वाटच राहत नाही.

ते पाणी बाजूलाही सहजासहजी जात नाही. सरोवराचा तळ इतका सपाट आहे की नदीला मैलाला जेमतेम फूटभर उतार मिळतो, काही ठिकाणी तेवढाही नाही. शिवाय रेड नदी उत्तरेकडे वाहते. दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो आणि त्याचे पाणी अजून गोठलेल्या उत्तरेकडे निघते. मार्च 2009 मध्ये फार्गो येथे नदीने 40.84 फुटांची विक्रमी पातळी गाठली, त्यामागे भूगोलाचा हा पेच होताच. पूर ओसरला तरी शेत लगेच मोकळे होत नाही, कारण चिकणमातीतील पाणी अतिशय सावकाश निघते आणि ओली जमीन तापायलाही वेळ लागतो. गव्हाचे बी साधारण 4 अंश सेल्सिअसला उगवू शकते, पण मका आणि सोयाबीनला मातीचे तापमान 10 अंशांच्या आसपास लागते. हवा उबदार झालेली आणि माती अजून गार, असे दिवस तिथे अनेक असतात.

वाफसा येण्याआधी, म्हणजे माती मशागतीजोगी सुकण्याआधी, यंत्र शेतात घातले तर काय होते, हे भारी जमीन कसणाऱ्यांना सांगायला नको. पेरणीच्या चरांच्या कडा लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, मुळे त्यांतून बाहेर पडत नाहीत आणि अवजड ट्रॅक्टरखाली खोलवर दबलेली माती पुढची कित्येक वर्षे मोकळी होत नाही. दुसरीकडे, थांबावे तर हंगामच हातचा जातो. पीक गोठवणारी शेवटची थंडी साधारण मेच्या मध्यापर्यंत पडू शकते आणि पहिली सप्टेंबरच्या अखेरीस येते. म्हणजे पिकाला मिळतात सव्वाशे ते एकशे पस्तीस दिवस. लवकर पक्व होणारे मका आणि सोयाबीनचे वाण आले म्हणूनच एकेकाळी गव्हासाठी प्रसिद्ध असलेली ही काउंटी आज सोयाबीनच्या क्षेत्रात अमेरिकेत आघाडीवर आहे. या निवडीवर पीकविम्याचीही छाया असते. प्रत्येक पिकासाठी पेरणीची अंतिम तारीख ठरलेली असून ती उलटल्यावर विम्याचे संरक्षण सामान्यतः रोज एक टक्क्याने घटते, आणि पेरणीच करता आली नाही तर त्यासाठी वेगळी भरपाई असते. ‘पेरणी न झाल्याबद्दल’ विमा असावा, यातच त्या जमिनीच्या स्वभावाची कबुली आहे.

लेखात तिथल्या शेतकऱ्यांना शरदातील नांगरणीबद्दल दोष दिला आहे. नांगरलेली उघडी माती हिवाळी वाऱ्याने उडते आणि रस्त्याकडेच्या चरांतील बर्फावर काळा थर साचतो, हे खरेच आहे व ते थांबायला हवे. परंतु ही प्रथा केवळ सवयीतून आलेली नाही. वसंतात मशागतीला सवड नसते, हिवाळ्यातील गोठण्या-वितळण्याने ढेकळे आपोआप फुटतात आणि उघडी काळी माती उन्हात लवकर तापते. पिकाचे अवशेष राखून फक्त ओळीपुरती पट्ट्यांत मशागत करणे हा मला त्यातल्या त्यात समंजस मार्ग वाटतो, मात्र त्यालाही कोरडा शरद लागतो आणि तो दरवर्षी मिळत नाही. 2019 चा शरद इतका ओला होता की खोऱ्यात साखरबीटाची बरीच शेते काढणीविना राहिली.

जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून निचरा सुधारण्याचे काम गेल्या काही दशकांत वाढले आहे. सपाटीमुळे तिथे अनेकदा पंप बसवून पाणी उपसावे लागते, आणि ते पाणी शेवटी कोणाच्या तरी नाल्यात जाते हा वाद वेगळाच. निचरा नसेल तर भूजलाबरोबर क्षार वर येतात. चुनखडीयुक्त ओल्या पट्ट्यांत सोयाबीनला लोह मिळत नाही. मग पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. याउलट काउंटीच्या पश्चिमेकडे जुन्या सरोवराच्या किनाऱ्याचे वाळूमिश्रित उंचवटे आणि त्यापलीकडे हिमनदीने टाकलेल्या मिश्र गाळाची चढउताराची जमीन लागते. तिथले प्रश्न निराळे आहेत, त्यामुळे काउंटीची सरासरी सांगून फारसे काही कळत नाही.

अमेरिकी सरकारच्या भूक्षमता वर्गीकरणात फार्गो चिकणमातीला पहिला वर्ग मिळालेला नाही. तिचा वर्ग दुसरा असून त्यापुढे जादा ओलीची मर्यादा दाखवणारे ‘डब्ल्यू’ हे अक्षर लावलेले असते. आपल्या लेखमालेच्या पुढील भागांत उत्पादनाच्या आकड्यांशेजारी असे वर्ग आणि पेरणीच्या सर्वसाधारण तारखाही छापाव्यात, एवढीच विनंती.

आपला,
मृदाशास्त्राचा एक अभ्यासक