पेडलवरची वीज थोडीच असते, पण वादळानंतर तेवढीच हवी असते

मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात राहतो. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवण्यात माझी हयात गेली. आमच्या पडवीत एक जुनी सायकल स्टँडवर पक्की बसवलेली आहे. मागचा टायर काढून रिमवरून पट्टा घेतला आहे आणि तो पट्टा 24 व्होल्ट, 250 वॅटची डीसी मोटर फिरवतो. अशी बाहेरून फिरवली की मोटरच वीज तयार करते. या सायकलीसाठीच हे पत्र लिहितो आहे.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्यावरून गेलं. दुपारभर कौलं उडत होती, माड मोडत होते. संध्याकाळी वारा पडला तेव्हा वाडीतला एकही पोल सरळ उभा नव्हता. आमच्याकडे लाइट यायला तीन आठवड्यांच्या वर गेले. यात मला कुणालाही दोष द्यायचा नाही. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले लाइनमन चिखलात, जळवा लागलेल्या पायांनी, खांद्यावरून पोल वाहून नेत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पण त्या दिवसांत माणसाला नेमकं काय हवं होतं? पंखा नको होता, टीव्हीची तर कुणाला आठवणही नव्हती. फोन चालू हवा होता. मुंबईतल्या पोराला ‘आम्ही सगळे बरे आहोत’ एवढं कळवायचं होतं. पंचनाम्याआधी पडलेल्या कलमांचे, सुपारीचे फोटो काढून ठेवायचे होते. टेकाडावर चढल्यावर कधीतरी रेंज मिळायची, पण तिथपर्यंत जाईतो बॅटरी संपलेली. कुणी मोटरसायकल चालू ठेवून चार्जिंग करत होतं, कुणी होडीच्या बॅटरीवर. पेट्रोल आणायला जायचं तर रस्त्यात झाडं आडवी.

त्याच पावसाळ्यात मी ही सायकल जोडली. पेडल मिनिटाला साठ फेरे फिरलं की मागचं चाक साधारण एकशे साठ फेरे घेतं, आणि रिमवरून लहान पुलीवर आल्यामुळे मोटर त्याच्या बाराएक पट फिरते. सोळा-सतरा व्होल्ट मिळतात. मध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा) आणि चार्ज कंट्रोलर (बॅटरीला हवी तेवढीच वीज देणारा) घातला की 12 व्होल्टची बॅटरी नीट चार्ज होते. डायोड विसरलात तर बॅटरीच मोटर फिरवू लागते आणि जमवलेली वीज वाया जाते.

आता आकड्यांचं खरं सांगतो, कारण या विषयात खोटं फार खपवलं जातं. ‘एक तास पेडल मारा, दिवसभर घर चालवा’ अशा जाहिराती मी पाहिल्या आहेत आणि त्यांना भुलून पैसे घालवलेली माणसंही. एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॅट. धडधाकट माणूस त्याच्या दहाव्या हिश्शावर, म्हणजे 75 वॅटच्या आसपास, बराच वेळ टिकतो. पट्टा, मोटर, बॅटरी यांत जे जायचं ते जाऊन हातात पन्नास वॅट उरतात. या हिशेबाने एक युनिट, म्हणजे हजार वॅट तासभर, एवढी वीज करायला वीस तास पेडल मारावं लागेल. तेवढ्या मेहनतीला चाळीसभर चपात्यांचं अन्न जादा लागेल, आणि ते एक युनिट कमी वीज वापरणाऱ्या, पहिल्या टप्प्यातल्या ग्राहकाला वडापावपेक्षाही कमी पैशांत मिळतं. सायकलवर वीजबिल वाचत नाही. मिक्सर, गिझर, पाण्याचा पंप यांचं तर नावच काढू नये.

पण तेच पन्नास वॅट वादळानंतर मोजून बघा. फोन साधारण दहा वॅट खातो, म्हणजे पाच फोन एकदम लागतात. घरातल्या चौघांनी पंधरा-पंधरा मिनिटांच्या पाळ्या लावल्या तर दोन तासांत पाचही फोन भरतात. रात्री 9 वॅटचा एलईडी लावला तर तासभराच्या पेडलवर पाच तास उजेड पडतो. बाळंतिणीच्या खोलीत पाच तास उजेड.

कुणी म्हणेल, आता सोलर आहे की. आहे, आणि रोजच्या विजेसाठी त्याच्यापुढे सायकल काहीच नाही. पण ग्रिडला जोडलेलं, बॅटरी नसलेलं सोलर लाइनमधली वीज गेली की आपोआप बंद पडतं. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं आणि ते योग्यच आहे. छतावर सोलर घेणाऱ्या बहुतेकांना हे ठाऊक नसतं. बॅटरीवालं सोलर असलं तरी जूनमधल्या आभाळात आणि उडालेल्या पॅनेलवर किती भरवसा ठेवायचा?

माझी मागणी छोटी आहे. किनाऱ्यावरच्या ज्या शाळा वादळात निवारा म्हणून उघडतात, त्या प्रत्येक शाळेत अशी एक सायकल द्या. तयार यंत्राचं टेंडर मात्र काढू नका. जवळच्या आयटीआयमधल्या पोरांकडून ती करून घ्या. माझी जुनी सायकल सोडून मला बॅटरीसकट आठ-नऊ हजार खर्च आला. पोरांनी स्वतः जोडलेली सायकल बिघडली तर दुरुस्तीला ती पोरं तालुक्यातच असतील. बाहेरून आलेलं यंत्र पहिला पट्टा तुटला की कपाटामागे जातं, हे मी सरकारी वर्कशॉपमध्ये अनेकदा पाहिलं आहे.

एका बाबतीत मात्र आपल्या खात्याने कडक राहावं. ही वीज 12 व्होल्टवरच वापरायची, घराच्या बोर्डाला जोडायची नाही, असं सायकलवर ठळक लिहिलेलं हवं. कुणी इन्व्हर्टर लावून घरातल्या वायरिंगमध्ये वीज सोडली तर ती उलटी लाइनवर जाऊ शकते आणि पोलवर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतू शकते. सायकल किती वॅट देते तेही खरं लिहिलेलं असावं.

वादळ नसेल तेव्हा ती सायकल वर्गात वापरता येईल. गेल्या वर्षी मी ती आमच्या शाळेत नेली होती. सातवीतली एक मुलगी बसली आणि पेडल भराभर मारू लागली. 9 वॅटचा एलईडी लावला, तिला काही फरक जाणवला नाही. मग मी गाडीच्या हेडलाइटचा 55 वॅटचा बल्ब लावला. पेडल अर्ध्यावर अडकल्यासारखं झालं, तिने दांडी घट्ट धरली, उभी राहून जोर लावला. बल्ब आधी तांबूस, मग पिवळा झाला. मिनिटभराने उतरली ती थेट वर्गाच्या दाराशी गेली आणि रिकाम्या व्हरांड्यातला चालू राहिलेला पंखा बंद करून आली. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. मी वीस वर्षं फळ्यावर वॅट आणि युनिट शिकवलं, पण असं माझ्या वर्गात कधी घडलं नाही.

सायकल पडवीत आहे. आपले अधिकारी पाठवा, मी बसवून, मीटर लावून दाखवतो. नकाशा आणि सामानाची यादी जवळच्या आयटीआयला मी स्वतः नेऊन देईन, त्याचा एक पैसाही नको. फक्त निर्णय मार्चपर्यंत व्हावा. म्हणजे सायकली जोडायला पोरांना एप्रिल-मे मिळतील, त्यानंतर लगेच पाऊस येतो.

आपला,
दापोली तालुक्यातला एक निवृत्त आयटीआय निदेशक