‘सस्तन’ शब्दावर लाल पाटी

संपादक महोदय,

मी आठवीला विज्ञान शिकवते. गेल्या महिन्यात वर्गाला प्राण्यांच्या वर्गीकरणाचा प्रकल्प दिला होता. संगणक कक्षात एका मुलीने ‘सस्तन प्राणी’ असे टाइप केले आणि पडद्यावर लाल पाटी आली : ‘हे पान प्रतिबंधित आहे. तुमच्या प्रयत्नाची नोंद झाली आहे.’ तिने घाईघाईने मॉनिटरच बंद केला. मी जवळ गेले तर रडवेली होऊन म्हणाली, “बाई, शप्पथ, मी घाणेरडं काही शोधत नव्हते.”

चौकशी केल्यावर उलगडा झाला. शाळेच्या संगणकांवर नको ती पाने अडवणारी जी ‘फिल्टर’ नावाची यंत्रणा असते, तिच्या बंदी-यादीत कोणीतरी ‘स्तन’ हा शब्द घातला होता. यंत्र नुसती अक्षरे जुळवते, अर्थ त्याला कळत नाही. मी मुद्दाम ‘हस्तनिर्मित कागद’ टाकून पाहिले, तेही अडले. हाच घोळ १९९६मध्ये इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावाच्या लोकांनी भोगला आहे. गावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अश्लील शब्द दडलेला, म्हणून त्यांना ‘अमेरिका ऑनलाइन’ या इंटरनेट सेवेवर खाते उघडता येईना. पण अक्षरांची ही चूक उद्या दुरुस्त झाली तरी माझा प्रश्न सुटत नाही. ‘स्तन’ हा शब्द मुळात यादीत का असावा? ज्या मुलीच्या घरात कोणाला स्तनाचा कर्करोग झाला आहे, तिने शाळेत त्याबद्दल वाचायचेच नाही का?

फिल्टर काढून टाका, असे मी म्हणत नाही. वर्गातल्या प्रत्येक पडद्यावर माझी नजर पोचत नाही, आणि अश्लील चित्रफिती व जुगाराची संकेतस्थळे बंदच हवीत. पण अमेरिकेत २०००मध्ये शाळा-ग्रंथालयांतील फिल्टरचा जो कायदा झाला, त्याची फिल्टरची सक्तीसुद्धा चित्रांपुरती आहे, शब्दांसाठी नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००३मध्ये ग्रंथालयांच्या बाबतीत तो कायदा उचलून धरला, तेव्हा प्रौढ वाचकाला ग्रंथपालाला सांगून अडलेले पान उघडून घेता येते, ही गोष्ट महत्त्वाची ठरली. आमच्याकडे तशी विनंती फिल्टर पुरवणाऱ्या कंपनीकडे पाठवावी लागते. उत्तर चौथ्या दिवशी आले. तास पस्तीस मिनिटांचा असतो.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेतले सतरावे कलम मुलांना अपायकारक मजकुरापासून जपायला सांगते, आणि शारीरिक-मानसिक आरोग्याची माहिती त्यांना मिळाली पाहिजे, असेही तेच कलम सांगते. फिल्टर बसवताना आपण अर्धेच कलम वाचतो.

माझ्या मागण्या साध्या आहेत. अडलेले पान तपासून तिथल्या तिथे उघडण्याची मुभा तास घेणाऱ्या शिक्षकाला द्या. बंदी-यादी शिक्षकांना आणि पालकांना पाहू द्या. आज ती मलाही मिळालेली नाही. आणि त्या लाल पाटीवरचे धमकीचे वाक्य पुसून ‘हे पान हवे असल्यास शिक्षकांना सांगा’ असे लिहा. हे शेवटचे काम तर आजच होण्यासारखे आहे.

त्या मुलीने प्रकल्प पाठ्यपुस्तकावरून पुरा केला. संगणकाच्या तासाला ती आता की-बोर्ड शेजारणीकडे सरकवते आणि स्वतः नुसती बघत बसते.

– एक विज्ञान शिक्षिका