सहा ताटं मांडणारा मुलगा आणि 'संख्याज्ञान नाही'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा उघडल्या की विशेष शाळांमध्ये मूल्यमापनाचे कागद भरायची घाई सुरू होते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेत बावीस वर्षं मीही ते कागद भरले. आता निवृत्त आहे, पण एक गोष्ट मनातून जात नाही.

माझ्या वर्गात तेरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात सलग तीन वर्षं एकच उद्दिष्ट होतं, 'एक ते दहा वस्तू मोजणे'. तिन्ही वर्षी शेरा 'साध्य नाही'. त्यातली दोन वर्षं ते मी स्वतः आदल्या कागदावरून उतरवून काढलं होतं. टेबलावर मणी ठेवायचे, विचारायचं, तीनच्या पुढे तो गडबडला की खूण करायची.

एकदा तो आठवडाभर आला नाही म्हणून संध्याकाळी घरी गेले. जेवणवेळ झाली होती. त्यानं फडताळातून ताटं काढली, आजीपुढे एक, आईपुढे एक, अशी पाच मांडली. मग माझ्याकडे पाहिलं, परत गेला आणि सहावं घेऊन आला. फुलपात्रं पाचच निघाली, तर स्वतःपुढचं उचलून माझ्यापुढे ठेवलं. आई म्हणाली, "रोज तोच मांडतो की, बाई. तुम्ही कधी विचारलं नाही."

एकास एक संगती, म्हणजे प्रत्येकापुढे एकेक वस्तू ठेवणं, ही मोजणीची पहिली पायरी. ती या मुलाला पक्की येत होती आणि माझ्या कागदावर 'संख्याज्ञान नाही' असं लिहिलेलं होतं.

मग उद्दिष्ट बदललं: 'मधल्या सुट्टीत वर्गातल्या आठ मुलांसमोर आठ ताटल्या मांडेल, आधी तोंडी सूचनेनं, दिवाळीपर्यंत न सांगता.' दसऱ्यालाच जमलं. पुढे ताटली ठेवताना आकडा म्हणायला लावला. मार्चपर्यंत तो आठपर्यंत मोजू लागला. सहा-सातची अदलाबदल मात्र शेवटपर्यंत व्हायची.

साधनं आपल्याकडे आहेत. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीच्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं तयार केलेली 'एफएसीपी' तपासणीसूची बऱ्याच शाळांत वापरतात. तिच्यात मूल एखादी गोष्ट स्वतः करतं, खुणेनं करतं, तोंडी सांगितल्यावर करतं की हात धरून, हे वेगवेगळं नोंदवता येतं. वर्षभर हात धरून शर्टाची बटणं लावणारी मुलगी नुसत्या 'आता खालचं लाव' एवढ्यावर लावू लागली, तर ती केवढी मजल आहे! पण पालकांच्या हातात पडणाऱ्या प्रगतिपत्रकावर पुन्हा 'येते' आणि 'येत नाही' एवढंच उरतं, आणि त्या मुलीची आई वर्षानुवर्षं 'येत नाही' वाचत राहते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवणं बंधनकारक केलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं आणि केंद्र सरकारनं २०२२ मध्ये सर्वसाधारण शाळांसाठी ते ठरवलं: प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे आणि उच्च प्राथमिकला पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक. ते कागदावरच राहिलं, तर शिक्षक जुने आराखडे उतरवतच राहणार. मी तेच केलं. वेळ नव्हता हे खरं, पण त्या मुलाची दोन वर्षं गेली हेही खरं.

शिक्षण आणि दिव्यांग कल्याण विभागाला माझी विनंती आहे. आराखडा लिहिण्याआधी प्रत्येक मुलाच्या घरी निदान एक भेट व्हावी आणि ती शिक्षकाच्या कामाच्या वेळेत धरली जावी. दर तीन महिन्यांनी पालकांना समोर बसवून, त्यांना कळेल अशा भाषेत आराखड्याची उजळणी व्हावी. आराखड्याच्या शेवटी पालकांच्या सहीची जागा असते, तिथं आम्ही आधी फुली मारून ठेवायचो आणि 'इथं सही करा' म्हणायचो. त्याऐवजी पहिल्याच पानावर एक रकाना हवा, 'हे मूल घरी काय काय करतं?' आणि तो आईनं सांगितल्याशिवाय पुढचं काही भरू नये.

— एक निवृत्त विशेष शिक्षिका, सातारा