आकडे नसलेली काठी

काका,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यासमोर आभाराचा विषय काढला की तुम्ही जवळची एखादी फळी उचलता आणि तिच्यातली गाठ कुठून कुठे गेलीय ते दाखवायला लागता. दोनदा असं झालं. म्हणून आता लिहूनच काढतेय, आणि कोणालाही वाचता येईल असं लिहितेय. घरी आराखडा समोर ठेवून पहिल्यांदाच करवत हातात धरणाऱ्या कुणाला तरी यातलं काही उपयोगी पडेल. तुम्हाला ते आभारांपेक्षा जास्त आवडेल, हे मला माहीत आहे.

पहिल्या संध्याकाळी मी तुमच्या दारात आले तेव्हा माझ्या हातात स्टुलाचे चार पाय होते. तीन सारखे, एक आखूड. आराखड्यात स्पष्ट लिहिलं होतं: पाय, 420 मिलिमीटर, नग 4. माझ्याकडची पट्टी बरोबर 1680 मिलिमीटर लांब होती. हिशेब चोख होता. मी 420 मोजलं, कापलं, पुढचं 420 मोजलं, कापलं, आणि शेवटी उरलेला तुकडा साडेचार मिलिमीटरने कमी भरला. आराखडाच चुकलाय अशी माझी खात्री झाली होती, आणि तेच सांगायला मी आले होते.

तुम्ही आराखड्याकडे पाहिलंच नाही. करवत मागितलीत, दिव्याखाली आडवी धरलीत आणि मला तिच्या धारेवरून नजर फिरवायला सांगितलंत. दाते एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित वळवलेले होते. करवत इतके दिवस घरात होती, पण मला ते कधी दिसलं नव्हतं. पातं लाकडात अडकू नये म्हणून ते दाते पात्याच्या जाडीपेक्षा रुंद वाट काढतात, आणि माझ्या करवतीची ती वाट दीड मिलिमीटरची होती. चार तुकड्यांना तीन काप. माझे साडेचार मिलिमीटर भुसा होऊन जमिनीवर पडले होते. त्या दिवसापासून मी नुसती रेघ मारत नाही. रेघेच्या ज्या बाजूचं लाकूड जाणार, त्या बाजूला फुली मारते आणि करवत फुलीच्या बाजूने चालवते.

नवीन लाकूड आणून चौथा पाय पुन्हा करू का, असं मी विचारलं. तुम्ही उलटं सांगितलंत: उरलेले तीन आखूड पायाएवढे कर. साडेचार मिलिमीटर बुटक्या स्टुलावर बसणाऱ्याला कधीच काही कळणार नाही, पण चारांतला एक पाय वेगळा असला तर बसल्याक्षणी कळेल. माझ्या डोक्यात तोवर माप म्हणजे आकडा होता. लाकडाच्या कामात सारखेपणा आधी येतो आणि आकडा नंतर, हे मला त्या दिवशी समजलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला ती काठी दिलीत. साधी, सरळ, दोन बोटं रुंद. तिच्यावर स्टुलाच्या सगळ्या खुणा होत्या: पाय कुठे संपतो, बैठकीखालची पट्टी कुठे सुरू होते, खालची आडवी पट्टी कुठे येते, स्क्रू कुठे बसतात. आकडा मात्र एकही नाही. चारही पायांना काठी लावायची आणि खुणा उतरवून घ्यायच्या, बस्स. टेप प्रत्येक वेळी नव्याने वाचावी लागते, आणि प्रत्येक वाचनात चूक शिरायला जागा असते. चार पाय, प्रत्येकावर पाच खुणा, म्हणजे वीस वेळा. काठीवर चूक झाली तरी ती चारही पायांवर सारखीच उतरते, आणि सारखी चूक स्टुलाला चालते.

टेबलाच्या वेळी याचा खरा अर्थ कळला. आराखड्यात फळी 25 मिलिमीटर जाड धरली होती, आणि माझ्याकडच्या फळ्या रंधा मारून 20 च्या झाल्या होत्या. सगळ्या पट्ट्या कागदावरच्या लांबीने आधीच कापून ठेवल्या असत्या तर एकही सांधा नीट बसला नसता. तुम्ही म्हणालात, "पाय उभे कर, मधलं अंतर काठीवर घे, मग काप." आता मी कापायची यादी पूर्ण वाचते, पण सगळं एकदम कापत नाही. आधी पाय, मग पायांवरून पट्ट्या, मग उभ्या राहिलेल्या सांगाड्यावरून माथा, आणि खण असला तर तो सगळ्यात शेवटी. नवीन माणसाला ती यादी फार मोहात पाडते, कारण एका दिवसात सगळं कापून मोकळं होता येतं. घरच्या कामात सगळ्यात जास्त लाकूड त्या एका दिवशी वाया जात असावं, असं माझं मत झालंय.

सांगाडा काटकोनात आहे का, हे पाहायला माझ्याकडचा गुण्या लहान पडला, तेव्हा तुम्ही त्याच काठीने कर्ण मोजायला लावलेत. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्णही सारखे, की चारही कोपरे काटकोनात. कर्णांत फरक निघाला तर जो लांब आहे त्याच्यावर तिरका क्लॅम्प लावायचा आणि डिंक वाळायच्या आत हळूहळू ओढून घ्यायचं. तिथेही आकडा लागला नाही.

स्टुलाचं सांगायचं राहिलंच. पाय सारखे करूनही ते डुगडुगलं, कारण सांधे आवळताना सांगाडा थोडा पिळला होता. मी एका पायाखाली पाहून तो घासायला घेतला होता. तुम्ही मला थांबवलं नसतंत तर एक-एक पाय घासत मी ते स्टूल पार बसकं करून ठेवलं असतं. तुम्ही ते सपाट फरशीवर ठेवलंत, बैठक समपातळीत येईपर्यंत पायांखाली पातळ पाचरी सरकवायला सांगितल्यात, मग एका लाकडी ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून तो ठोकळा फरशीवरून चारही पायांभोवती फिरवायला लावलात. चारही पायांवर फरशीपासून एकाच उंचीची रेघ उठली. तेवढं कापलं आणि स्टूल हलायचं थांबलं. तीन पायांचं स्टूल कुठल्याही ओबडधोबड जमिनीवर का डुगडुगत नाही, तेही तुम्ही तेव्हाच सांगितलंत: तीन टोकं नेहमी एका पातळीत असतात, चौथ्याला त्या पातळीत आणावं लागतं.

पण सगळ्यात जास्त ऋणी मी टेबलाच्या माथ्यासाठी आहे. पाच फळ्यांच्या कडा एकमेकींना चिकटवून मी 600 मिलिमीटर रुंद माथा केला होता, आणि खालच्या पट्ट्यांना सगळीकडून डिंक लावून स्क्रूने जखडून टाकणार होते. जितकं घट्ट तितकं मजबूत, असं मला वाटत होतं. तुम्ही सांगितलंत की लाकूड हवेतला ओलावा घेत आणि सोडत राहतं. लांबीला ते जवळपास हलत नाही, रुंदीला हलतं. एवढा रुंद माथा कोरड्या दिवसांपासून दमट दिवसांपर्यंत चार-पाच मिलिमीटर फुगू शकतो. त्याच्याखाली आडवी गेलेली पट्टी मात्र लांबीने बसलेली असते, ती तशीच राहते. दोघांना पक्कं बांधलं तर आकसताना माथ्याला जायला जागा उरत नाही आणि तो फाटतो. म्हणून मधला स्क्रू घट्ट, आणि कडेच्या स्क्रूंसाठी पट्टीतली भोकं माथ्याच्या रुंदीच्या दिशेने लांबट.

त्या दिवशी तुम्ही गेल्यावर मी माथ्याच्या खालच्या बाजूला, पट्टीला अगदी लागून, पेन्सिलने एक बारीक रेघ मारून ठेवली होती. तुम्हाला सांगितलं नव्हतं. काही महिन्यांनी टेबलाखाली शिरून पाहिलं तर रेघ आणि पट्टी यांच्यात दोन मिलिमीटरची फट होती. माथा हलला होता, स्क्रू त्याच्याबरोबर सरकले होते, आणि वरून एक चीरही नव्हती. मी बराच वेळ तशीच खाली बसून ती फट पाहत होते.

बाकीचं किती सांगू? आडव्या कापलेल्या टोकात डिंक शोषला जातो आणि स्क्रू नीट पकडत नाही, म्हणून सांध्याचा भार तिथे टाकायचा नाही. फळीच्या टोकाजवळ स्क्रू लावायचा तर आधी गिरमिटाने बारीक भोक. खिळ्याचं टोक हातोडीने जरा बोथट केलं तर तो लाकडाचे तंतू चिरडत जातो, फाकवत नाही. पुस्तकांच्या मांडणीचा आराखडा मी दाखवला तेव्हा तुम्ही फळीच्या लांबीवर बोट ठेवलंत. फळीची जाडी दुप्पट केली तर ती आठपट ताठ होते, पण आधारांमधलं अंतर दुप्पट केलं तर भरलेली फळी सोळापट वाकते. तेव्हा जाड फळी शोधण्यापेक्षा मध्ये एक उभा आधार द्यावा. तो दिला, आणि फळ्या अजून सरळ आहेत. उंच मांडणी भिंतीला बांधल्याशिवाय तिच्यावर एकही पुस्तक ठेवू दिलं नाहीत, त्याबद्दलही आभार. आणि जवसाच्या तेलाच्या त्या फडक्यांबद्दल! तेल लावून झाल्यावर मी ती चुरगळून कोपऱ्यात टाकली होती. ते तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेल्या फडक्यात ती कोंडून फडकं आपोआप पेट घेऊ शकतं, हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही ती सगळी उचलून, एकेक पसरून, बाहेर वाळत घातलीत.

अलीकडे मी एक गोष्ट वाचली, ती तुम्हाला सांगायची होती. इटलीतल्या एन्झो मारी या डिझायनरने 1974 मध्ये टेबलं, खुर्च्या, बाक, पलंग यांचे आराखडे काढले. साध्या फळ्या, हातोडी आणि खिळे, एवढ्यावर होतील असे. टपालखर्च पाठवणाऱ्या कुणालाही तो ते देत असे. लोकांनी स्वस्तात फर्निचर मिळवावं एवढाच त्याचा हेतू नव्हता. स्वतःच्या हाताने एक वस्तू केली की माणूस दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंकडेही जाणत्या नजरेने पाहायला लागतो, असं त्याला वाटत होतं. हे वाचलं आणि मला तुम्हीच आठवलात. आता कुठेही बसायच्या आधी मी खुर्चीचा सांधा पाहते, टेबलाखाली वाकून माथा कसा बसवलाय ते पाहते. घरचे वैतागतात, पण ती नजर आता जात नाही.

काका, एक गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती. तुम्ही सबंध वेळ हात पाठीमागे बांधून उभे असायचात. फळी बांधल्याशिवाय करवत लावायला निघाले की तेवढं ओरडायचात, बाकी नाही. माझा पहिला सांधा करायला मला एक अख्खी दुपार लागली, तुम्हाला तो दहा मिनिटांचा होता. पटाशी माझ्या हातातून घेणं तुम्हाला किती सोपं होतं! ती तुम्ही एकदाही घेतली नाहीत. मी त्या दुपारी मनातून थोडी रागावले होते, की समोर उभे राहून पाहतात पण हात लावत नाहीत. गेल्या आठवड्यात माझी भाची स्टूल करायला बसली आणि तिची करवत रेघ सोडून जाताना दिसली, तेव्हा माझे हात आपोआप पुढे गेले. मी ते मागे घेतले. फार कठीण गेलं. तुम्ही हे कित्येक महिने करत होतात.

तुमची काठी अजून माझ्याकडेच आहे, दाराच्या मागे उभी केलेली. परत करायला दोनदा निघाले आणि दोन्ही वेळा राहून गेलं. तिच्या मोकळ्या बाजूवर मी आता बाकाच्या खुणा केल्यात, आणि कालपासून भाचीने कडेवर तिच्या स्टुलाच्या. तुमच्या खुणांना आम्ही हात लावलेला नाही. रविवारी घेऊन येते, चालेल?

तुमची,
वरच्या मजल्यावरची